गिलेलाय, ऑक्टोबर १९४३ : मासेमारीचं एक गाव आणि चर्चचा माळा

हंगाम उलटला की किनाऱ्यावरच्या गावात परका माणूस लांबून ओळखू येतो. डेन्मार्कच्या झीलंड बेटाच्या अगदी उत्तर टोकाला गिलेलाय नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. १९४३ च्या ऑक्टोबराच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या स्टेशनावर गाडीतून शेकड्यांनी माणसं उतरू लागली. शहरी ओव्हरकोट, डोक्याला हॅट, हातात बॅगा, कडेवर पोरं. उन्हाळ्यात हे दृश्य नेहमीचं, कारण कोपनहेगनची पैसेवाली मंडळी इथे समुद्रस्नानाला यायची आणि टेकडीवर त्यांची उन्हाळी घरं होती. पण ऑक्टोबरात गार वाऱ्यात समुद्रस्नानाला कोण येतं? ही माणसं कोण आणि कुठे निघालीत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. जर्मनांना कळायला किती वेळ लागेल, एवढंच बाकी होतं.

गावाची वस्ती तेव्हा दीड-दोन हजारांची. या गावाच्या आसपासच्या किनाऱ्यावरून त्या महिन्यात हजाराहून अधिक ज्यू माणसं होड्यांनी स्वीडनला सुखरूप पोचली. त्याच गावात, त्याच माणसांच्या डोळ्यांदेखत, एका रात्रीत सुमारे ८० जण चर्चच्या माळ्यावरून गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, हाती लागले. डॅनिश ज्यूंच्या सुटकेची गोष्ट बहुतेक वेळा फक्त यशाची म्हणून सांगितली जाते. मला ती या दोन्ही घटना शेजारी-शेजारी ठेवून पाहायची आहे, कारण माणसं तीच, नियत तीच, समुद्र तोच आणि निकाल मात्र उलटा.

गाव कसं घडलं

गावाच्या नावातलं ‘लाय’ म्हणजे मुक्काम, पथारी टाकायची जागा. हेरिंग मासळीच्या हंगामात मच्छीमार किनाऱ्यावर येऊन पडायचे, झोपड्या उभारायचे, मासळी खारवायचे आणि हंगाम संपला की घरी जायचे. मध्ययुगात ओरेसुंदच्या सामुद्रधुनीत हेरिंगचे थवे इतके दाट असत की साऱ्या उत्तर युरोपचा खारवलेल्या मासळीचा व्यापार त्यावर चाले. पुढे अशा हंगामी तळांची कायमची गावं झाली. या किनाऱ्यावर तशी बरीच आहेत आणि गिलेलाय त्यांतलं सर्वांत उत्तरेचं.

समोरचं पाणी म्हणजे कॅटेगाट, डेन्मार्क आणि स्वीडनमधला समुद्र. त्यातून दक्षिणेला वळलं की ओरेसुंद लागतो. १८५७ पर्यंत त्याच्या तोंडाशी हेल्सिंगोरला डेन्मार्कचा राजा येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून जकात घेत असे. गावाजवळच्या नाकेहोवेदच्या कड्यावर १७७२ मध्ये कोळशावर पेटणारे दोन दीपस्तंभ उभे राहिले. दोन अशासाठी, की समोरच्या स्वीडिश कुलेन भूशिराचा एक दिवा, हेल्सिंगोरच्या क्रोनबोर्ग किल्ल्याचा एक दिवा आणि हा, यांत अंधारात नाखव्याची गल्लत होऊ नये.

बंदर मात्र फार उशिरा आलं, १८७३ मध्ये. तोवर होड्या वाळूवर ओढून ठेवत. धक्का झाला आणि मोठ्या, डेक असलेल्या होड्या ठेवणं शक्य झालं. अशा होडीला तिकडे ‘कुटर’ म्हणतात. मग १८९६ मध्ये हिलरोडकडून रेल्वे आली, १९१६ मध्ये हेल्सिंगोरकडून दुसरी. दोन्ही फाटे गिलेलायला येऊन संपतात. मासळी शहरात जायला लागली आणि शहर सुट्टीला गावात यायला लागलं.

एक पाहुणा तर रेल्वेच्याही आधी येऊन गेला होता. १८३५ च्या उन्हाळ्यात २२ वर्षांचा सोरेन किर्केगार्द, पुढे तत्त्वज्ञ म्हणून नावाजलेला, गावच्या खानावळीत उतरला आणि गिलब्येर्गच्या कड्यावर फेऱ्या मारत राहिला. ज्याच्यासाठी जगावं आणि मरावं असं, माझ्यापुरतं खरं असलेलं सत्य मला शोधायचं आहे, अशा अर्थाचं जे त्याने १ ऑगस्टच्या तारखेखाली वहीत लिहिलं, ते इथलं. त्या कड्यावर आता त्याच्या नावाचा दगड आहे. गावकरी तेव्हा त्याला काय समजले असतील देव जाणे. दिवसभर कड्यावर फिरणारा माणूस मच्छीमाराच्या लेखी रिकामटेकडाच.

थोडक्यात १९४३ साली गिलेलायकडे चार गोष्टी एकत्र होत्या : रेल्वेचं शेवटचं स्टेशन, हंगाम संपल्यामुळे कुलूप लावलेली शेकडो उन्हाळी घरं, कुटरांनी भरलेलं बंदर आणि समोर सुमारे २० किलोमीटरवर स्वीडन. हेल्सिंगोरहून स्वीडन याहून कितीतरी जवळ, चार-पाच किलोमीटरच. पण तिथे जर्मन पहाराही तितकाच दाट. चार तास लागले तरी चालतील, पण डोळे कमी असावेत, असा हिशेब करणाऱ्यांना गिलेलाय बरं वाटलं. अडचण एवढीच, की हा हिशेब एकाच वेळी शेकडो लोकांनी केला.

आठवडाभरात काय झालं

जर्मनीने ९ एप्रिल १९४० ला डेन्मार्क घेतला, पण तिथलं सरकार, राजा, पोलीस, न्यायालयं जागच्या जागी राहू दिली. बदल्यात डेन्मार्कने जर्मनीला लोणी, डुकराचं मांस आणि मासळी पुरवायची. (मच्छीमार गावांना ती वर्षं आर्थिकदृष्ट्या वाईट गेली नाहीत. मासळीचे भाव चढे होते. हे सांगणं आवश्यक आहे, नाहीतर पुढचं चित्र फारच सोवळं होईल.) या व्यवस्थेत ज्यूंना हात लावायचा नाही, ही डॅनिश सरकारची न लिहिलेली अट होती. डेन्मार्कमध्ये ज्यूंवर पिवळी चांदणी लावायची सक्ती कधी झालीच नाही. तेव्हा राजा स्वतः चांदणी लावून घोड्यावर बसला ही गोष्ट ऐकायला सुंदर असली तरी खरी नाही.

१९४३ च्या ऑगस्टात संप आणि घातपात वाढले. २९ ऑगस्टला सरकारने राजीनामा दिला, जर्मनांनी लष्करी कायदा लावला आणि डॅनिश नौदलाने आपली जहाजं स्वतःच बुडवली. ती न लिहिलेली अट मग उरली नाही. ८ सप्टेंबरला डेन्मार्कमधला जर्मनीचा सर्वोच्च प्रतिनिधी वेर्नर बेस्ट याने बर्लिनला तार केली, की ज्यूंचा प्रश्न आता सोडवावा.

२८ सप्टेंबरला जर्मन वकिलातीतला जहाजवाहतुकीचा अधिकारी गेओर्ग फर्डिनांड डुक्वित्झ सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या हान्स हेद्तोफ्तकडे गेला आणि त्याला धरपकडीची तारीख सांगून आला. डुक्वित्झ स्वतः नाझी पक्षाचा सभासद. हाच डुक्वित्झ पुढे १९६१ ते १९६५ पश्चिम जर्मनीचा राजदूत म्हणून दिल्लीत होता. आपल्याकडे ते फारसं कुणाला ठाऊक नाही. हेद्तोफ्त पुढे डेन्मार्कचा पंतप्रधान झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यू नववर्षाच्या आदल्या दिवशी, कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये रब्बी मार्कुस मेल्कियोर यांनी जमलेल्यांना सांगितलं, आज प्रार्थना नाही, घरी जा, बाकीच्यांना कळवा, लपा.

१ ऑक्टोबरच्या रात्री धाडी पडल्या तेव्हा बहुतेक घरं रिकामी होती. दारं फोडायची नाहीत असा बेस्टचाच हुकूम होता, त्यामुळे घरात असूनही दार न उघडणारे कित्येक वाचले. २ ऑक्टोबरला स्वीडनने रेडिओवरून जाहीर केलं, की जे येतील त्यांना आम्ही घेऊ. ३ तारखेच्या रविवारी देशभरच्या चर्चमधून बिशपांचं पत्र वाचलं गेलं. ज्यूंचा छळ ख्रिस्ती धर्माच्या आणि डॅनिश न्यायबुद्धीच्या विरुद्ध आहे, असा त्याचा मतलब. आता प्रश्न पाण्याचा होता.

मंगळवारी ५ तारखेला गिलेलायच्या गाड्या भरून आल्या. आधीचे दोन-तीन दिवस जे आले ते ओळखीपाळखीने आले होते. कुणाचा उन्हाळी घराचा शेजारी, कुणाचा मासळीवाला, कुणाची मोलकरीण. त्यांना एखाददुसऱ्या कुटरमध्ये, खाली मासळी ठेवायच्या खणात बसवून रात्री नेलं जात होतं. गावच्या कुटरवर असा खण म्हणजे वाकूनच उतरायची जागा. चारी बाजूंनी लाकूड, वर्षानुवर्षं मुरलेला मासळीचा आणि तेलाचा वास आणि वर फळीचं झाकण, त्याच्यावर जाळी टाकलेली. इंजिन सुरू झालं की आतल्या माणसाच्या पाठीला प्रत्येक ठोका लागतो. लाटेला होडी कलली की अंधारात पंधरा-वीस माणसं एकमेकांच्या अंगावर. लहान मुलं रडू नयेत म्हणून डॉक्टर त्यांना झोपेचं औषध देत, आणि आई-बापांना तो सगळा प्रवास मूल हाताला लागतंय की नाही, श्वास चालू आहे की नाही हे चाचपत काढावा लागे.

अशा फेऱ्या शांतपणे होत होत्या तोवर ठीक चाललं. ५ तारखेनंतर माणसं होड्यांपेक्षा जास्त झाली. घरोघर, गोठ्यांत, उन्हाळी बंगल्यांत, शाळेच्या आसपास, जिथे जागा मिळेल तिथे त्यांना ठेवलं होतं.

बुधवारी ६ तारखेला बंदरात एक स्कूनर, म्हणजे शिडाचं मालवाहू जहाज, उभं होतं. सगळ्यांना एकदमच का नेऊ नये, अशी कल्पना निघाली. कुटरला दहा फेऱ्या लागतील ते काम हे जहाज एका खेपेत करेल. बोलणी झाली, निरोप गेले, आणि दिवसाढवळ्या माणसं घराघरांतून बाहेर पडून धक्क्यावर आली. दोनशेच्या आसपास माणसं चढली. तेवढ्यात ओरड झाली, जर्मन आले. दोर सोडले गेले आणि जहाज निघालं. ते स्वीडनला सुखरूप पोचलं. पण धक्क्यावर माणसं उरली. काहींचे नातेवाईक जहाजात, स्वतः मागे. काहींच्या बॅगा पुढे गेल्या.

जहाज सुटलं हे आता सगळ्या गावाने पाहिलं होतं. रात्री घरांच्या झडत्या होणार, अशी बातमी पसरली. संध्याकाळी गावातली काही मंडळी एकत्र बसली आणि त्यांनी मदत समिती केली. उरलेल्यांना एका जागी गोळा करायचं, रात्री होडी लागली की एकदम काढायचं, असं ठरलं. एका जागी म्हणजे कुठे? सोळाव्या शतकातलं, बंदराजवळच असलेलं गावचं जुनं चर्च. त्याच्या छताखाली माळा होता. तिथे सुमारे ८० माणसं चढली. खाली कुलूप.

त्या रात्री गेस्टापो आली. हेल्सिंगोरच्या गेस्टापोचा मुख्य हान्स यूल. त्या भागातले लोक त्याला ‘गेस्टापो-यूल’ म्हणत. त्याच्याकडे माणसं थोडी होती, सगळा किनारा धुंडाळण्याइतकी तर मुळीच नाही. पण एका इमारतीला वेढा घालायला थोडी माणसंही पुरतात. मध्यरात्रीनंतर, ७ तारखेच्या पहाटेआधी, माळ्यावरच्या माणसांना खाली उतरावं लागलं. घंटेच्या मनोऱ्यात लपलेला एक जण सापडला नाही. बाकीच्यांना हेल्सिंगोरजवळच्या होर्सेरोडच्या छावणीत नेलं.

काय चुकलं

या प्रसंगाची सांगण्याची नेहमीची रीत अशी : कुणीतरी चुगली केली. गावात तशी कुजबुज पुढे कित्येक वर्षं चालू होती. चुगलखोर सापडला की गावाला बरं वाटतं, कारण मग बाकीच्यांना काही विचारायचं राहत नाही. पण ६ तारखेच्या दुपारनंतर चुगलीची गरज तरी होती का? दोनशे माणसं भर दिवसा धक्क्यावर चढली, उरलेली गल्ल्यांतून परत फिरली, संध्याकाळी अंधार पडल्यावर चर्चकडे माणसांची रांग गेली. हे पाहायला हेर लागत नाही.

माझ्या मते चूक स्कूनरपासून सुरू झाली. कुटरवाल्यांची पद्धत ही खरं तर पद्धतच नव्हती. ज्याचं त्याने ठरवायचं. एका मच्छीमाराला शेजारच्याने कुणाला, कधी, कुठून नेलं हे माहीत नसे, किंवा माहीत असलं तरी तो विचारत नसे. एखादी होडी पकडली गेली तर पंधरा माणसं जायची. वाईटच, पण पंधराच. शिवाय जो मागे राहिला त्याला उद्याची होडी होती. स्कूनरने हे सगळं एका खेपेवर आणून ठेवलं. ती खेप यशस्वी झाली म्हणूनच लोक फसले असं मला वाटतं. दोनशे जण गेले, म्हणजे ‘एकदम’ जमतं. मग उरलेल्यांसाठीही ‘एकदम’च.

आणि समिती? तिच्यावर राग धरणं सोपं आहे. ही माणसं चार दिवस झोपलेली नव्हती. ज्यांच्या घरात परकी माणसं लपली होती त्या बायकांना दर तासाला चहा-पाणी, अंथरूण, रडणारी पोरं आणि दारावरची प्रत्येक टकटक सांभाळावी लागत होती. झडतीच्या बातमीने घरवाले घाबरले, ते साहजिक आहे. विखुरलेली माणसं शोधून, रात्रीच्या अंधारात नेमक्या वेळेला नेमक्या जागी आणायची तर निरोप्ये किती लागतील? एका जागी ठेवलं तर एक निरोप पुरे. संघटन करायला बसलं की माणूस असाच विचार करतो, आणि बहुतेक कामांत तो बरोबरच असतो. लग्नाची पंगत अशीच उठवतात. पण इथे शत्रूकडे माणसं कमी होती. त्याचं दुबळेपण हेच, की त्याला शंभर घरं तपासता येत नव्हती. समितीने शंभर घरांचं एक घर करून दिलं.

चर्च का निवडलं, याचं कारण इतकं उघड आहे की ते सांगायची वेळच येत नाही. तीनच दिवसांपूर्वी चर्चमधून ते पत्र वाचलं गेलं होतं. देवाच्या घरात शिरायला जर्मनही कचरतील, असं कुणी मोठ्याने म्हटलं नसेल, पण मनात असणारच. शिवाय जागा मोठी, कुलूप भक्कम, बंदर जवळ. बाहेर पडायचा दुसरा रस्ता मात्र नव्हता. समुद्रावरच्या माणसाला हे कळायला हवं होतं, असं मागाहून म्हणता येतं. नाखवा बंदरात शिरताना बाहेर निघायची वाट आधी बघतो. पण समितीत समुद्रावरची माणसं किती आणि जमिनीवरची किती, आणि त्या रात्री कुणाचा शब्द चालला, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. होडीवाले तोवर नाखुशीने का होईना, लहान-लहान फेऱ्याच करत आले होते.

त्या रात्रीनंतर काम थांबलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. बंदरावर नजर आहे म्हटल्यावर होड्या गावाबाहेरच्या उघड्या किनाऱ्याला लागू लागल्या. लोकांना लहान नावेतून, गुडघाभर पाण्यातून, थोडे-थोडे करून होडीपर्यंत नेलं जाऊ लागलं. हजाराहून अधिकांचा जो आकडा वर दिला तो अशा फेऱ्यांनी पुरा झाला.

पैशाची गोष्ट

इथे मराठी वाचक हमखास थबकतो. मच्छीमारांनी पैसे घेतले? हो, घेतले. देशभरातली सरासरी माणशी १,००० क्रोनरच्या आसपास होती. तेव्हा कामगाराचा महिन्याचा पगार ५०० क्रोनरपेक्षाही कमी होता. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला तीन-चार तासांच्या प्रवासासाठी आठ महिन्यांची कमाई. पहिल्या काही दिवसांत, जेव्हा कुणालाच काही कळत नव्हतं, तेव्हा काहींनी याच्या कितीतरी पट मोजले.

हे ऐकून दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. एक : मग कसलं पुण्य, हा तर धंदा झाला. दुसरी : अहो, बिचाऱ्यांनी जीव धोक्यात घातला, पैशाचं काय घेऊन बसलात. मला दोन्ही आळशी वाटतात.

मच्छीमाराच्या बाजूने पाहा. कुटर ही त्याची एकुलती एक मालमत्ता, बहुधा कर्जावर घेतलेली आणि दोन-तीन जणांच्या भागीत. ती जर्मनांनी जप्त केली तर तो फक्त होडीला मुकत नाही, भागीदारांचीही चूल विझवतो. पकडलं गेल्यास काय शिक्षा होईल हे कुणालाच माहीत नव्हतं, गोळी घालतील असंच सगळे धरून चालले होते. पुढे इतिहासकारांनी कागद तपासले तेव्हा दिसलं, की धोका प्रत्यक्षात समजत होते त्यापेक्षा कमी होता. जर्मन नौदलाला ओरेसुंदात ज्यूंच्या होड्या शोधण्यात रस नव्हता, आणि पकडल्या गेलेल्या अनेक मदतनीसांना डॅनिश न्यायालयांकडून थोडक्या शिक्षा झाल्या. पण ६ ऑक्टोबरला धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला हे कुठून कळणार? त्याने भाव सांगितला तो भीतीचा भाव होता, आणि काहींच्या बाबतीत भीतीच्या वर थोडा लोभाचाही. तो थोडा किती, हे होडीगणिक वेगळं.

पळणाऱ्यांच्या बाजूने पाहा. ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याचं काय झालं? इथे गावागावांतल्या मदत गटांचं खरं काम दिसतं. त्यांनी वर्गण्या गोळा केल्या, श्रीमंत निर्वासितांकडून जास्त घेऊन गरिबांचं भाडं भरलं, होडीवाल्यांशी ठोक भाव ठरवले. संघटना वाढली तसा भाव उतरला. पैसे नाहीत म्हणून कुणाला किनाऱ्यावर सोडून दिलं, असं ठोस उदाहरण इतिहासकारांच्या हाती लागलेलं नाही. गंमत अशी, की ज्या संघटनाने माणसं एका माळ्यावर आणून घात केला, त्याच संघटनाने भाव खाली आणला. पैसा एका जागी गोळा करणं योग्य होतं, माणसं एका जागी गोळा करणं नव्हतं.

माळ्यावरच्या माणसांचं पुढे

होर्सेरोडहून बहुतेकांना चेकोस्लोव्हाकियातल्या थेरेसियनश्टाटच्या वस्तीछावणीत पाठवलं गेलं. संपूर्ण डेन्मार्कमधून तिथे गेलेल्यांची संख्या ४७० च्या घरात आहे. स्वीडनला पोचलेले ७,००० च्या वर. त्या ४७० च्या शेजारी गिलेलायच्या चर्चमधले ८० ठेवून पाहिले, की एका रात्रीचं, एका इमारतीचं वजन कळतं.

नोव्हेंबर १९४३ मध्ये ज्यूंच्या हद्दपारीचं काम पाहणारा नाझी अधिकारी आइखमान आणि बेस्ट यांच्यात असं ठरलं, की डॅनिश ज्यूंना थेरेसियनश्टाटहून पुढे हलवायचं नाही. पुढे म्हणजे ऑश्वित्झच्या मृत्युछावणीत. डॅनिश अधिकारी त्यांची विचारपूस करणं सोडत नव्हते. डेन्मार्कहून अन्नाची पार्सलं जात राहिली. जून १९४४ मध्ये रेड क्रॉस आणि डॅनिश अधिकाऱ्यांची भेट झाली. त्यासाठी जर्मनांनी छावणीला रंगरंगोटी केली, खोटी दुकानं मांडली आणि गर्दी कमी दिसावी म्हणून आधी हजारो इतर कैद्यांना ऑश्वित्झला धाडलं. या नाटकाचा डॅनिश कैद्यांना फायदा झाला आणि इतरांना त्याची किंमत मोजावी लागली. हे वाक्य लिहितानाही बरं वाटत नाही, पण ते तसंच आहे. १५ एप्रिल १९४५ ला पांढऱ्या रंगाच्या स्वीडिश बसेस येऊन चारशेच्या वर डॅनिश ज्यूंना घेऊन गेल्या. पन्नासेक जण तिथेच मेले, बरेचसे वयस्क.

युद्ध संपल्यावर परतणाऱ्या बहुतेकांना आपली घरं जपलेली मिळाली, सगळ्यांना नाही. ज्यू संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने डॅनिश प्रतिकार चळवळीचा गौरव एकेका व्यक्तीच्या नावाने न करता सामुदायिक केला, कारण चळवळीचीच तशी इच्छा होती. यात विनय आहे. त्यात दुसरीही एक सोय आहे, असं मला वाटत राहतं. सामुदायिक गौरवात कुणी १,००० घेतले, कुणी ५,००० आणि कुणी काहीच नाही, हा हिशेब कुणाला मांडावा लागत नाही.

गिलेलाय अजून मासेमारीचं बंदर आहे, झीलंडवरचं सर्वांत मोठं. पण कॅटेगाटमधला कॉड संपत आला. २००९ पासून डेन्मार्क आणि स्वीडनने काही पट्टे मासेमारीला बंद केले, तरी तो सावरलेला नाही. आता इथल्या होड्या जास्त करून जॉमफ्रूहुमर नावाच्या लांबट, नारिंगी कोळंबीवजा शेवंडीवर चालतात. टेकडीवरची उन्हाळी घरं मात्र तेव्हापेक्षा कैकपट झाली आहेत.

त्या लाकडी कुटर बहुतेक उरल्या नाहीत. गेल्या शतकाच्या शेवटी मासेमारी कमी करायची म्हणून सरकारने होडी मोडीत काढणाऱ्याला अनुदान दिलं, आणि अट अशी, की होडी खरोखर फोडायची. विकायची नाही, शोभेला ठेवायची नाही. डेन्मार्कच्या बंदरांमध्ये यंत्राचे पंजे लावून शेकडो जुन्या होड्यांच्या फळ्या मोडल्या गेल्या. १९४३ च्या होड्यांपैकी ज्या थोड्या शिल्लक आहेत त्या देशोदेशीच्या संग्रहालयांत जाऊन बसल्या आहेत. एक जेरुसलेमला, एक वॉशिंग्टनला, एक अमेरिकेच्याच कनेक्टिकट राज्यात मिस्टिकच्या धक्क्याला, पाण्यावर तरंगत. मिस्टिकची ती ‘गेर्दा ३’ मासेमारीची नाहीच, दीपस्तंभांना सामान पोचवणारी सरकारी होडी. रोज दिव्याकडे जायचं निमित्त होतं, म्हणून तिच्या खणात रोज दहा-पंधरा माणसं बसवून नेली. तिने सुमारे ३०० जणांना पार पोचवलं, एका वेळी दहा-पंधरा.